दोनशे बारा नंबरची चिठ्ठी

१

सोमवारी सकाळी ऑफिस उघडून दहा मिनिटं झाली नव्हती, तेवढ्यात एक माणूस आत शिरला आणि त्याने काउंटरवर हात आपटला. हात पिठाचा होता. काउंटरच्या काळ्या फळीवर पाच पांढरी बोटं उमटली, आणि दिवसभरात ती पुसायचं कोणाला सुचलं नाही.

"शुक्रवारी तुमच्यातली कोण बाई आली होती माझ्या घरी? कोणाच्या हुकमाने? कागद दाखवा मला!"

बाल संरक्षणाच्या ऑफिसात ओरडणारे बाप काही नवे नाहीत. त्यांच्यासाठी तपासताईंनी एक खुर्ची मुद्दाम बुटकी ठेवली होती, कारण माणूस खाली बसला की आवाजही थोडा खाली येतो असा त्यांचा अनुभव होता. तपासताई म्हणजे या ऑफिसच्या सगळ्यात जुन्या अधिकारी. पंचवीस वर्षं लोकांची दारं वाजवण्यात गेली, चपला झिजल्या, गुडघे बोलायला लागले, पण एका पोराचं प्रकरण हातून निसटलं असं कधी झालं नव्हतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

"बसा. पाणी घ्या. मग पहिल्यापासून सांगा," ताई म्हणाल्या.

तो बसला. बेकरीत भट्टीवर काम करायचा, दुपारी एक ते रात्री नऊ; आज मात्र दुपारची रजा मिळावी म्हणून पहाटेच पीठ मळून आला होता. मुलगी सहा वर्षांची. तिला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, बाहेरून कडी लावायची आणि कामावर पळायचं, असा त्याचा रोजचा क्रम.

"कुलूप नाही लावत हो. काही झालंच तर शेजाऱ्यांना उघडता यावं म्हणून नुसती कडी. तिची आई गेली गेल्या वर्षी. या चौदा नंबरच्या घरात येऊन दोनच महिने झालेत, कोणाची ओळख ना पाळख. काय करू मी? पोरीला भट्टीवर नेऊ?"

शुक्रवारी तो घरी आला तर कडी उघडी, पोर गायब आणि टेबलावर मेहुणीचा निरोप. पोरीला ताप आहे, हॉस्पिटलात नेतेय, बाल संरक्षणच्या ऑफिसातून बाई आल्या होत्या. तो धावत हॉस्पिटलात गेला. पोरीला न्यूमोनिया झाला होता. बायको गेल्यापासून मेहुणीशी त्याचं बोलणं नव्हतं; ती पलंगाच्या आडवी उभी राहिली आणि म्हणाली, ऑफिस सांगेपर्यंत पोर देणार नाही.

"आज दुपारी तिला घरी सोडतायत. माझी पोर आहे, मी नेणार. नाहीतर कागद दाखवा."

ताई उठून तातडीच्या तक्रारींच्या लाल ट्रेकडे गेल्या. मग रजिस्टरकडे. मग पुन्हा ट्रेकडे.

चौदा नंबरची तक्रार कुठेच नव्हती. शुक्रवारी त्या घरी ऑफिसातून कोणी गेल्याची नोंदही नव्हती.

२

"म्हणजे कोणीतरी तोतया?" साहेबांनी चहाचा कप अर्ध्यावरच थांबवला. हे ऑफिसचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण कुठलंही संकट आधी कागदावर येईल आणि मग आपल्यावर, अशी धास्ती त्यांना कायम असायची.

"तोतया येतो काहीतरी न्यायला. ही बाई काही न नेता गेली. पोर मावशीकडे आहे," ताई म्हणाल्या.

"ते खरं. पण बाल कल्याण समिती तीन वाजता बसते. तक्रारीचा कागद नसेल तर प्रकरणच उभं राहत नाही. बाप पालक आहे, तो संध्याकाळी पोरीला घरी नेईल."

"आणि उद्या दुपारी एक वाजता परत कडी. आजारातून उठलेली पोर, आठ तास आत एकटी."

साहेबांनी कप खाली ठेवला. "तुम्ही शोधा, ताई. दोन वाजेपर्यंत. शुक्रवारी मी बैठकीत होतो, बघा ना, ऑफिसच्या नंबरवरून तीन मिस्ड कॉल पडलेत. उलटा फोन केला तर कोणी उचलला नाही."

ताईंना आठवलं, शुक्रवारी समितीच्या दालनातून बाहेर पडून त्यांनी टोपलीतला आपला फोन उचलला तेव्हा त्यावरही ऑफिसचे दोन कॉल होते. समितीसमोर जाताना सगळ्यांचे फोन त्या टोपलीत ठेवावे लागतात. काहीतरी हजेरीचं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

कोणीतरी सगळ्यांना शोधत होतं, आणि कोणीच सापडलं नव्हतं.

३

फोनताई नऊ वर्षं हेल्पलाइनच्या टेबलावर बसत. कानाला हेडफोन, हातात पेन, समोर चिठ्ठ्यांचं बुक. फोन आला की तक्रार चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी फाडून ट्रेमध्ये टाकायची. बुकात मागे राहतो तो फक्त नंबर आणि वेळ. नाव, पत्ता काही नाही, म्हणजे बुक कोणाच्या हाती लागलं तरी फोन करणारा माणूस उघडा पडू नये. ही शिस्त ताईंनीच लावली होती.

"शुक्रवारचा चौदा नंबरचा फोन? आला होता ना!" फोनताई म्हणाल्या. "कोणाचा ते विचारू नका."

"विचारत नाही."

"पोरीच्या खोकण्याचा आवाज भिंतीतून येतोय, दुपारपासून थांबला नाही, असं सांगितलं. हे बघा, दोनशे बारा नंबर, चार वाजून दहा मिनिटं. चिठ्ठी मी माझ्या हाताने ट्रेमध्ये टाकली."

"नंतर तुम्ही कुठे होतात?"

"मी? या खुर्चीला खिळलेली. दोनशे तेरा ते दोनशे बावीस, आठ वाजेपर्यंत. हे बघा की, सगळं माझंच अक्षर. चहाला उठायला मिळालं नाही, घराघरांत कोण जाणार?"

ताईंनी बुक न्याहाळलं. अक्षर फोनताईंचंच होतं, आणि दोन फोनांमध्ये अर्ध्या तासाहून जास्त अंतर कुठेच नव्हतं.

घाईताई जिन्यातच भेटल्या. या दुसऱ्या अधिकारी. दिवसाला आठ भेटी उरकायच्या आणि त्यांचा फोन दुपारनंतर नेहमी मेलेला असायचा.

"चौदा नंबर? अहो, तिथे मी तीनदा हेलपाटे घातलेत!" त्यांनी कपाळाला हात लावला. "दोन शेजारणींचं भांडण. एकीच्या पोरांचा दंगा दुसरीला सोसवत नाही, की लगेच आपल्याला फोन. पोरं चांगली धडधाकट, मलाच ढकलून गेली. तिन्ही तक्रारी पोकळ निघाल्या. शुक्रवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते."

"तिथे आता दुसरंच कुटुंब राहतं. दोन महिने झाले."

"हो का? ते मला काय ठाऊक?"

ताई जिन्यात थबकल्या. ऑफिसात एक रीत होती. एकाच पत्त्यावरच्या तीन तक्रारी पोकळ निघाल्या की चौथ्या चिठ्ठीवर हिरवी फुली मारायची. ती लाल ट्रेमध्ये जात नाही, गप्प ट्रेमध्ये जाते. सगळे त्याला गप्प ट्रे म्हणत, कारण त्याच्यातल्या चिठ्ठ्या बुधवारच्या तपासणीपर्यंत गप्प पडून असत. हेलपाट्यांनी माणसं मरायला टेकली होती, म्हणून ही रीत निघाली होती. आणि फुली मारताना बघायचा तो फक्त पत्ता.

शुक्रवारी साडेचारला, समितीकडे पळायच्या आधी, ताईंनी सहा मिनिटांत अकरा चिठ्ठ्या निवडून दोन ट्रेंमध्ये लावल्या होत्या. त्यांनी जाऊन गप्प ट्रे पाहिला. दोनशे बारा नंबर तिथेही नव्हता.

४

हॉस्पिटलातल्या पलंगावर चिमुरडी उशीला टेकून बसली होती आणि मावशी तिची वेणी घालत होती. मावशीच्या हातात सुई असायची. ती घरी बसून कपडे शिवायची, तिच्या ब्लाउजला आताही दोन टाचण्या खोवलेल्या होत्या.

"कशी दिसत होती बाई, ते नीट नाही सांगता येणार," मावशी म्हणाली. "जिन्यात दिवा नव्हता, त्यांच्या तोंडाला रुमाल होता. आणि मी पोरीकडे बघू का त्यांच्याकडे? त्या दारासमोर जमिनीवर बसल्या होत्या. चक्क फरशीवर."

"दाराखालच्या फटीतून बोलत होती माझ्याशी," चिमुरडी म्हणाली. "म्हणाली, बोटं बाहेर काढ. मी काढली. माझ्या बोटांना हात लावून म्हणाली, तू तर इस्त्री झालीयेस!"

"मग?"

"मग विचारलं, तुझं आवडतं माणूस कोण? मी म्हटलं मावशी. मला मावशीचा फोन नंबर पाठ आहे, आईने गाणं करून शिकवला होता. मी गाणं म्हटलं."

मावशीचा वेणी घालणारा हात थांबला. तिने नाक ओढलं आणि पुन्हा पेड घालायला घेतले.

"मला फोन आला, मी अर्ध्या तासात पोचले. पण एक सांगू? दाराला नुसती कडी होती. मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही उघडलंत का नाही? तर म्हणाल्या, 'मला हक्क नाही. तुम्ही सख्ख्या मावशी, तुम्हाला आहे.' मी कडी काढली, पोरीला उचललं. त्यांनी खालपर्यंत सोबत केली आणि गेल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर पोर हाती लागली नसती. त्या बाई कोण ते कळलं तर मला सांगा हो. त्यांचे पाय धरायचेत मला."

ताई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि सवयीने वळल्या. जाता जाता एक प्रश्न विचारायची त्यांची जुनी खोड होती.

"त्या बाईंनी आणखी काही विचारलं का गं तुला?"

"हो," चिमुरडी म्हणाली. "विचारलं, रात्री दिवा कोण मालवतं?"

ताईंनी दाराची चौकट धरली.

५

हॉस्पिटलच्या बाकावर बसून ताईंनी पाण्याची बाटली संपवली आणि मनाशी हिशेब जुळवला.

कडीपासून सुरुवात. अधिकाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं, पोर आत तापाने फणफणलेली असेल तर तो कडी काढतो, कायदाच तसं सांगतो. घाईताईंनी एका सेकंदात काढली असती. ज्या बाईने काढली नाही, तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. तरीही आपल्याला हक्क नाही आणि मावशीला आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ती ऑफिसातली, पण अधिकारी नव्हे.

मग चिठ्ठी. गप्प ट्रेमधल्या चिठ्ठ्या पाच वाजता रेकॉर्डच्या खोलीत जातात, तिथे जुन्या फायलीशी जोडून मग परत त्याच ट्रेमध्ये येतात. जुनं कुटुंब गाव सोडून गेलं, त्यांची फाइल दुसऱ्या गावच्या ऑफिसला पाठवली, ही नोंद एकाच वहीत असणार. ती वही रेकॉर्डच्या खोलीबाहेर जात नाही.

फोनताई खुर्चीला खिळलेल्या. उरलं कोण? रेकॉर्डवाली. चार वर्षांपूर्वी लागलेली, एकोणतीस वर्षांची, मान खाली घालून काम करणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

इथपर्यंत गणित सरळ होतं. पण दिव्याचा प्रश्न त्यात कुठेच बसत नव्हता.

तो प्रश्न ताईंचा स्वतःचा होता. रात्री घरी कोण असतं असं विचारलं की पोरं बिचकतात, शिकवलेलं बोलतात. दिवा कोण मालवतं म्हटलं की खरं सांगून मोकळी होतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ताई तो हमखास विचारत. मग छापील फॉर्म आला, ठरलेले प्रश्न आले आणि दिवा मागे पडला. त्याला सोळा वर्षं झाली. घाईताई बारा वर्षांपूर्वी लागल्या, फोनताई नऊ, रेकॉर्डवाली चार. ताईंनी तो कोणाला शिकवला नव्हता, कुठे छापलेलाही नव्हता. तो प्रश्न ज्यांनी ऐकला, ती माणसं ऑफिसातली नव्हतीच.

ती दाराच्या पलीकडची होती. आणि तेव्हा लहान होती.

६

रेकॉर्डच्या खोलीत कपाटांच्या मधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतं. रेकॉर्डवाली टेबलाशी उभी होती. ताई आत आल्या, तेव्हा तिने विचारलंही नाही कशाला आलात.

"दोनशे बारा," ताई म्हणाल्या.

तिने खण उघडला. चिठ्ठी हातात घेतली, पण पुढे केली नाही. "ताई, नका बघू."

"द्या."

चिठ्ठीच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीची फुली होती. ऑफिसात हिरवी पेन्सिल एकीच्याच खिशात असायची. बोटभर उरलेली ती पेन्सिल आताही ताईंच्या खिशात होती.

ताई स्टुलावर बसल्या. एवढ्या वर्षांत किती जणांना त्यांनी सांगितलं असेल, घर बघा, पत्ता बघू नका. आणि स्वतः पत्ता बघितला.

"चिठ्ठी जोडायला फाइल शोधली तर वहीत तिच्या बदलीची नोंद," रेकॉर्डवाली हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं, ते लोक गेलेत तर आता खोकतंय कोण? तुम्हाला फोन केला, साहेबांना केला, घाईताईंना केला. मग म्हटलं, नुसतं दारापर्यंत जाऊ. मी खोटं नाही बोलले. ऑफिसातून आलेय म्हटलं, तेवढंच."

"आणि चिठ्ठी का लपवलीत?"

"तुमच्या फुलीमुळे. आज समितीत सांगणार होते, माझ्या हातून गहाळ झाली म्हणून."

"नोकरी गेली असती तुमची!"

"जाऊ दे. तुमच्यावर डाग नको होता."

"माझं एवढं काय देणं लागता तुम्ही?"

रेकॉर्डवालीने चौथं कपाट उघडलं, खालून दुसऱ्या कप्प्यातून एक पिवळी पडलेली फाइल काढली आणि ताईंपुढे ठेवली. मुलीचं वय, सात. नाव ताईंना आठवेना. लग्नानंतर ते बदललंही असणार. पण अक्षर त्यांचंच होतं, बावीस वर्षांपूर्वीचं, घाईघाईचं. 'शेजारी म्हणतात सगळं ठीक. आई-वडील म्हणतात सगळं ठीक. दिवा: मुलगी स्वतः मालवते, रोज.'

"सगळ्यांनी ठीक म्हटलं आणि तुम्ही निघाला होतात," ती म्हणाली. "दारातून वळलात आणि विचारलंत. मी म्हटलं, मीच मालवते, स्टुलावर चढून. तुम्ही परत आत येऊन बसलात. आजी येईपर्यंत, पाच तास. त्या रात्री दिवा तुम्ही मालवलात. तुम्हाला नसेल आठवत."

ताईंना खरंच आठवत नव्हतं. अशी किती घरं, किती दिवे. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि तो कोरडाच होता हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"खूप उपकार झाले तुमचे," त्या म्हणाल्या. "चला, तीन वाजत आले."

७

समितीच्या अध्यक्षा कडक बाई. ताईंनी फोन टोपलीत ठेवला, आत जाऊन चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "तक्रार शुक्रवारी चार दहाला आली. कोपऱ्यातली फुली माझी. जुन्या कुटुंबाच्या पोकळ तक्रारी मी नव्या पोरीच्या माथी मारल्या. जी बाई गेली ती आमची रेकॉर्डवाली. तिला अधिकार नव्हता, म्हणून तिने कडीला हात लावला नाही. शिक्षा करायची तर मला करा. पोरीचं प्रकरण मात्र उभं राहू दे."

साहेबांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मग बापाकडे पाहिलं. त्याने तोवर डॉक्टरांचा कागद वाचला होता. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला.

"मी कडी लावायचो," तो म्हणाला, "आणि मला वाटायचं, ती सुरक्षित आहे."

मावशीने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "मला एक फोन करायचा होतात की, भावोजी. भांडण माझ्याशी होतं ना? पोरीशी तर नव्हतं!"

निकाल अर्ध्या तासात लागला. बापाच्या कामाची पाळी बदलेपर्यंत मुलगी मावशीकडे, बापाने रोज सकाळी जायचं, आणि घाईताईंनी दर आठवड्याला भेट द्यायची, घाई न करता. ताईंना आणि रेकॉर्डवालीला एकेक मेमो. ताईंचा मेमो आपल्या मेमोपेक्षा दोन ओळींनी मोठा आहे हे पाहून रेकॉर्डवालीला रडू आलं आणि ताईंना हसू.

मंगळवारपासून रीत बदलली. गप्प ट्रेमध्ये चिठ्ठी टाकायच्या आधी ती रेकॉर्डच्या खोलीत जायची, त्या घरात आता कोण राहतं ते तपासायचं आणि रेकॉर्डवालीची सही पडल्याशिवाय हिरवी फुली मारायची नाही. साहेबांनी हुकूम काढला, खाली सही केली आणि चक्क स्वतः जाऊन तो भिंतीवर चिकटवला.

त्याच सकाळी तो बेकरीवाला पुन्हा आला. या खेपेला आवाज नाही. कापडात गुंडाळलेले गरम पाव त्याने काउंटरवर ठेवले, पांढऱ्या पाच बोटांकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि ती बोटं नीट पुसली.

"त्या बाई कुठायत?" त्याने विचारलं. रेकॉर्डवाली पुढे आली. त्याने हात जोडले. तिनेही जोडले. फोनताईंनी डोळे टिपले आणि लगेच आलेला फोन उचलला.

मग ताई आणि रेकॉर्डवाली पाव घेऊन रेकॉर्डच्या खोलीत बसल्या. पिवळी फाइल अजून टेबलावरच होती. ताईंनी ती उघडली, खिशातली हिरवी पेन्सिल काढली आणि बावीस वर्षांपूर्वीच्या आपल्या ओळीवर टेकवली.

"भेट अपुरी राहिलीय माझी," त्या म्हणाल्या. "सांग बरं. आता रात्री दिवा कोण मालवतं?"

रेकॉर्डवालीच्या तोंडात पावाचा घास होता. तो गिळून ती हसली.

"नवरा मालवतो, ताई. मी तर आधीच झोपलेली असते."